परक्याचे वस्त्र, परक्याची मोटार

(नभोवाणीवरील भाषण)



लंडनच्या दक्षिणेस गॅटविक हा मोठा विमानतळ आहे. पहाटेची वेळ, मुले पेंगुळलेली, सामान पुष्कळ आणि विमान सुटावयास थोडाच अवकाश, अशा अवस्थेत एखादे कुटुंब आपल्या मोटारीतून तेथे येऊन पोहोचते. दाराशी गणवेशातील एक तरुण उभा असतो. तो अदबीने सामान उतरवून देतो, एका कागदावर सही घेतो, किल्ली हाती घेतो आणि मोटार घेऊन निघून जातो. पंधरा दिवसांनी हे कुटुंब परत येईल तेव्हा तीच मोटार त्याच दाराशी उभी मिळावी, असा उभयतांचा करार असतो. ह्या सोयीस ‘व्हॅले पार्किंग’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तिला ‘मीट अँड ग्रीट’ असेही नाव आहे. मोटार कोठे ठेवली जाणार ती जागा मालक पाहत नाही. तो त्रास वाचावा म्हणूनच तर तो पैसे मोजतो.

बहुधा मोटार ठरल्याप्रमाणे परत मिळते. परंतु गॅटविक, मँचेस्टर आदी विमानतळांच्या परिसरांतून गेल्या काही वर्षांत ज्या तक्रारी पुनःपुन्हा पुढे आल्या, त्या विचार करावयास लावणाऱ्या आहेत. राखणदार असलेल्या आवारात ठेवू असे सांगून नेलेली मोटार प्रत्यक्षात चिखलाच्या शेतात, नाहीतर परक्या वस्तीतील रस्त्यावर उभी केलेली आढळली. कोणाच्या मोटारीतील बैठक मागेपुढे सरकलेली होती, कोणाच्या टाकीतील पेट्रोल उतरले होते, आणि कोणाचा मैलांचा आकडा विमानतळापासून वाहनतळापर्यंतच्या अंतराशी मुळीच जुळत नव्हता. आपण परदेशी होतो त्या तारखेस आपली मोटार अतिवेगाने गेली, सबब दंड भरावा, अशी नोटीस टपालाने घरी आल्यावर एखाद्यास सारा प्रकार उमगला.

आता प्रश्न असा की, ह्या मालकाचे नेमके काय गेले? मोटार तर परत मिळाली. तिचा एक खिळाही कमी झालेला नाही. कित्येकदा ती धुऊनपुसून दिलेली असते. मालक चडफडतो, परंतु ‘चोरी झाली’ असे म्हणावयास त्याची जीभ रेटत नाही. आणि समोरचा माणूसही ‘वस्तू परत दिली ना?’ असे म्हणून मोकळा होतो. हा संवाद आपणांस नवा वाटेल, कारण मोटार नवी आणि विमानतळ त्याहून नवा. वस्तुतः तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. जतन करण्यास दिलेली वस्तू वापरली तर तो अपराध होय काय, ह्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. पूर्वी आपल्या वाड्यांतून परीट कपड्यांचे गाठोडे घेऊन जाई. प्रत्येक घरच्या कपड्यावर बिब्याची खूण घातलेली असे, म्हणजे एकाचे धोतर दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. आणि घरोघर एक गोष्टही सांगितली जाई: धुवावयास दिलेला आपला रेशीमकाठी उपरणे-जोड कोणाच्या तरी लग्नाच्या पंक्तीत भलत्याच्याच खांद्यावर झळकत असलेला आजोबांनी कसा पाहिला, आणि दोन दिवसांनी तोच जोड घडी करून घरी कसा आला. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तिच्यातील शंका फार प्राचीन आहे. आपल्या शास्त्रकारांनी ती इतकी गंभीरपणे घेतली की तिच्यासाठी स्वतंत्र नियम केले.

शतकानुशतके अज्ञात राहिलेला आणि 1909 साली म्हैसूर येथे आर. शामशास्त्री ह्यांनी छापून प्रसिद्ध केलेला कौटिल्याचा ‘अर्थशास्त्र’ हा ग्रंथ पाहा. त्यात रजकाने स्वतःचे म्हणून जे वस्त्र नेसावयाचे त्याच्यावर मुद्गराची, म्हणजे मोगरीची, खूण असावी असे सांगितले आहे. ती खूण नसलेले वस्त्र त्याच्या अंगावर दिसले तर दंड तीन पण. गिऱ्हाइकाचे वस्त्र विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर दंड बारा पण. मनुस्मृतीत तर वस्त्र शाल्मलीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावे, एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत आणि ती इतर कोणास नेसावयास देऊ नयेत, अशी आज्ञा आहे. याज्ञवल्क्यही परक्याचे वस्त्र नेसणाऱ्या रजकास तीन पण दंड सांगतो, आणि ते विकणे, भाड्याने देणे, गहाण ठेवणे किंवा उसने देणे ह्यांस दहा पण.

ह्या तीन ग्रंथांतील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. वस्त्र हरवले किंवा फाटले तर काय करावे, ह्याची व्यवस्था त्यांत निराळी आहे. येथे वस्त्र हरवलेले नाही, फाटलेलेही नाही. ते नुसते नेसले गेले आहे, आणि तेवढ्यानेच दंड लागू होतो. शिवाय स्वतः नेसणे आणि दुसऱ्यास भाड्याने देणे ह्यांत भेद केला आहे. पहिल्यात मोह आहे, दुसऱ्यात व्यापार आहे, म्हणून दुसऱ्याचा दंड तिपटीहून अधिक. गिऱ्हाइकाची मोटार घेऊन रात्री मित्रांसह फिरावयास जाणारा हस्तक आणि गिऱ्हाइकांच्या मोटारी आपल्याच कामास जुंपणारा धंदेवाला, ह्या दोघांस एकाच मापाने मोजू नये हे त्या ग्रंथकारांस कळत होते. येथे एका जातीवर ठपका ठेवण्याचा हेतू मला तरी दिसत नाही. ज्या धंद्यात दुसऱ्याची वस्तू हाती घेतल्यावाचून सेवाच करता येत नाही, आणि ती सेवा मालकाच्या डोळ्यांआड होते, त्या प्रत्येक धंद्यास हा मोह चिकटलेला असतो. त्या काळी असा धंदा परिटाचा होता.

परंतु शास्त्रकार केवळ परिटापाशी थांबले नाहीत. मनूने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन तंट्यांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल दुसरे स्थान निक्षेपास, म्हणजे ठेवीस, दिलेले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या पदांचा साकल्याने परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. ठेवीचेही प्रकार आहेत. वस्तू मोजून, दाखवून दिली तर तो निक्षेप. पेटीत घालून, मुद्रा लावून, आत काय आहे हे न सांगता दिली तर तो उपनिधी. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळविली तर ठेव घेणाऱ्यावर दोष नाही, असे याज्ञवल्क्य उदारपणे सांगतो. पण तोच पुढे म्हणतो की, स्वेच्छेने त्या ठेवीवर उपजीविका करणारा दंडास पात्र आहे आणि त्याने ती वस्तू वृद्धीसह परत केली पाहिजे. हाच नियम तो उसन्या मागून आणलेल्या वस्तूस आणि विश्वासाने हवाली केलेल्या इतर वस्तूंसही लावतो. ह्या स्मृतीवर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांत हिंदू कायद्याचा प्रमुख आधार म्हणून तीच मान्य झाली.

कौटिल्याने तर ह्या बाबतीत एक सुंदर शब्द योजिला आहे: ‘भोगवेतन’. ठेव वापरणाऱ्याने देश व काल ह्यांस अनुरूप असे भोगवेतन मालकास द्यावे आणि शिवाय बारा पण दंड भरावा. भोगवेतन म्हणजे उपभोगाचे मोल. ती वस्तू त्या ठिकाणी, त्या काळी भाड्याने घेतली असती तर जे द्यावे लागले असते ते. ‘माझे काय गेले’ हे मालकास सांगता येत नसेल, तर वापरणाऱ्याने काय मिळविले ते मोजावे, असा हा विचार आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1952 साली नाट्यगृहातील विजेच्या उपकरणांच्या एका खटल्यात हाच हिशेब मान्य केला. उपकरणे अडवून ठेवून वापरणाऱ्याने पूर्ण भाडे भरावे, मग मालकाने ती त्या काळात दुसऱ्यास दिली असती किंवा नसती, असा तो निर्णय होता. कौटिल्याचे नाव त्या न्यायाधीशांच्या कानीही नसेल. तथापि प्रश्न तोच असल्यामुळे उत्तरही त्याच वाटेने आले.

आता पश्चिमेकडे वळू, कारण आजच्या मोटारीस जो कायदा लागू पडतो त्याची एक मोठी शाखा रोममधून आलेली आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात क्विंटस म्यूकिअस स्कायव्होला हा रोमचा थोर विधिज्ञ होऊन गेला. त्याचे मत असे नोंदलेले आहे की, जतन करण्यास दिलेली वस्तू जो वापरतो, किंवा एका कामासाठी घेतलेली वस्तू जो भलत्या कामास लावतो, तो चोरीच्या आरोपास पात्र होय. रोमन लेखक एक जुना खटलाही सांगतात. रोमपासून ॲपियन मार्गावर सुमारे 25 किलोमीटरांवर अरिकिया नावाचे गाव होते. एका गृहस्थाने तेथवर जाण्यासाठी घोडा मागून घेतला आणि तो गावापलीकडील टेकडीपर्यंत दौडत नेला. घोडा परत आला, त्यास इजा झाल्याचेही कोणी म्हटले नाही. तरीही त्या गृहस्थास चोर ठरविण्यात आले. एका टेकडीचे अंतर ते केवढे! तरीही संमतीची सीमा अरिकियाच्या वेशीपाशी संपत होती.

इतका कठोर नियम न्याय्य होईल काय, अशी शंका आपल्याप्रमाणे रोमनांसही आलीच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गायस ह्या विधिज्ञाने तिचे निराकरण केले आहे. वस्तू वापरणाऱ्यास प्रामाणिकपणे असे वाटत असेल की मालकास विचारले असते तर त्याने खुशीने परवानगी दिली असती, तर ती चोरी नव्हे. परंतु मालक कदापि परवानगी देणार नाही हे मनोमन जाणून जो वापरतो, तो चोर. विमानतळावरील प्रकरणांस ही कसोटी लावून पाहा. ‘जरा वापरली तर बिघडले कुठे’ असे मागाहून म्हणणाऱ्यास एवढेच विचारावे: किल्ली घेताना मालकास तसे सांगण्याचे धैर्य आपणांस झाले असते काय?

इंग्लंडात हा रोमन विचार आडवाटेने शिरला. तेथे जुन्या काळी खाणावळीत उतरलेल्या प्रवाशाच्या घोड्याची जबाबदारी खाणावळवाल्यावर असे. मात्र 1584 सालच्या कॅलीच्या खटल्यात एक मर्यादा घातली गेली. पाहुण्याने स्वतःहून घोडा बाहेर कुरणात सोडावयास सांगितले आणि तो तेथून चोरीस गेला, तर खाणावळवाल्यास दोष नाही, असे ठरले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर वाहनतळाची जागा कोणी निवडली, ह्या मुद्द्यावर तो निकाल फिरला. पुढे 1703 साली ब्रँडीच्या पिंपांचा एक प्रसिद्ध खटला मुख्य न्यायाधीश होल्ट ह्यांच्यापुढे आला. एका माणसाने ती पिंपे एका तळघरातून दुसऱ्यात नेण्याचे विनामूल्य पत्करले होते, आणि त्याच्या हलगर्जीपणाने एक फुटून मद्य वाहून गेले. ह्या निमित्ताने होल्ट ह्यांनी दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या वस्तूंचे सहा प्रकार सांगितले आणि तेथेही एक घोडा आणला. पश्चिमेस जाण्यासाठी घोडा दिला असता घेणारा उत्तरेस गेला, आणि त्या वाटेवर घोड्यास काही अपघात झाला, तर नुकसान घेणाऱ्याने सोसावे.

ह्या विषयावर 1781 साली एक छोटा परंतु फार गाजलेला निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता सर विल्यम जोन्स. हाच पुढे 1783 साली न्यायाधीश होऊन कलकत्त्यास आला, दुसऱ्याच वर्षी त्याने एशियाटिक सोसायटी स्थापिली आणि 1794 साली मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. रोमच्या घोड्यावर आणि परिटाच्या फळीवर, अशा दोहोंवर ज्याची लेखणी चालली असा हा एक विलक्षण पुरुष होय.

आणि त्याच कलकत्त्यातून तो घोडा आपल्या कायद्यात आला. 1872 सालचा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या 154 व्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एकाने काशीस जाण्यासाठी म्हणून कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतला. तो काळजीपूर्वक चालविला. परंतु काशीऐवजी कटकेस नेला. वाटेत घोडा अकस्मात पडून जायबंदी झाला. घोडा घेणारा जबाबदार. ‘काळजीपूर्वक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सामान्यतः ठेव घेणाऱ्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घेतली की त्याचे कर्तव्य संपते. त्यावरही नुकसान झाले तर ते मालकाचे दुर्दैव. पण ज्या क्षणी तो ठरलेली वाट सोडतो त्या क्षणी हे संरक्षण गळून पडते, आणि केवळ अपघाताने झालेले नुकसानही त्याच्या माथी येते. गिऱ्हाइकाची मोटार वाहनतळाबाहेर नेणारा हस्तक कितीही कुशल असो, रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीने ओरखडा उठला तरी मालकाने त्याच्याकडे बोट दाखवावे, असा ह्याचा अर्थ होतो.

हे झाले भरपाईचे. गुन्ह्याचे काय? येथे इंग्लंडाचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. इंग्रजी कायद्याने चोरीची व्याख्या अशी बांधली की, मालकास त्याच्या वस्तूस कायमचे मुकविण्याचा हेतू असल्याखेरीज चोरी सिद्ध होईना. घोड्यांच्या काळात हे कसेबसे चालले. मोटार आल्यावर मात्र ही पळवाट उघड झाली. कोणीही उठावे, रस्त्यावरील मोटार चालू करावी, गावभर हिंडावे आणि ती कोठेतरी सोडून द्यावी. न्यायालयात ‘कायमची नेण्याचा माझा विचार नव्हता’ एवढे उत्तर चोरीच्या आरोपास पुरे होई. म्हणून 1930 च्या रस्ता-वाहतूक कायद्यात मालकाच्या संमतीवाचून मोटार घेऊन जाणे हा स्वतंत्र गुन्हा करावा लागला, आणि 1968 च्या कायद्यात तो विस्तारला. तरीही किल्ली मालकानेच दिली असेल तर काय, हा प्रश्न उरलाच. 1970 साली तो अपील न्यायालयापुढे आला. एकाने पत्नीस व्हिक्टोरिया स्थानकावर पोहोचविण्यासाठी, लगेच परत आणून देण्याच्या अटीवर, मोटार मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती हेस्टिंग्जला नेली. न्यायालयाने ठरविले की ठरलेले काम संपताच संमती संपली. पुढचे सारे संमतीवाचून. अरिकियाच्या वेशीवरचा निर्णय दोन सहस्र वर्षांनी लंडनच्या स्थानकावर पुन्हा द्यावा लागला.

आपल्याकडे हा फेरा पडला नाही. 1860 च्या दंडसंहितेत चोरीसाठी कायमच्या अपहाराची अट घातलेली नव्हती. अप्रामाणिक हेतू आणि मालकाची असंमती एवढे पुरे होते. ह्याची कसोटी लागली तीही एका विमानतळावर, ही मोठी योगायोगाची गोष्ट. 1952 साली जोधपूर येथे हवाई दलाच्या दोन शिकाऊ तरुणांनी परवानगी नसताना एक हार्वर्ड विमान उडविले आणि सीमेपलीकडे पाकिस्तानात उतरविले. आपण विमान कायमचे नेणार नव्हतो, असा त्यांच्या वतीने बचाव झाला. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तात्पुरता उपभोग घेण्यासाठी नेणे हीदेखील चोरी होऊ शकते, आणि भारतीय कायदा ह्या बाबतीत इंग्रजी कायद्याहून भिन्न आहे. विश्वासाने सोपविलेली वस्तू कराराचा भंग करून अप्रामाणिकपणे वापरणे हाही त्या संहितेत विश्वासघाताचा गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही हे तत्त्व कायम आहे.

कायदा इतका जुना आणि इतका स्पष्ट असताना तक्रारी का थांबत नाहीत? ह्याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते: ‘वाहन मालकाच्या जोखमीवर.’ 1937 साली इंग्लंडात साउथएंड येथील एका वाहनतळावर शिलिंग भरून ठेवलेली मोटार राखणदाराने भलत्याच माणसास नेऊ दिली. न्यायालय म्हणाले की, येथे मोटार कोणाच्या स्वाधीन केलेलीच नव्हती. ती उभी करण्यास जागा तेवढी दिली होती. सबब वाहनतळवाला जबाबदार नाही. वाहनतळवाल्यांस हा निकाल सोयीचा वाटला. परंतु जागा देणे वेगळे आणि किल्ली घेऊन मोटारच ताब्यात घेणे वेगळे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात 1998 साली एका पाहुण्याने अशीच किल्ली हस्तकाच्या स्वाधीन केली होती, आणि ती मोटार भलत्याच तरुणांनी पळवून नेली. हॉटेलने पावतीवरील वाक्याचा आधार घेतला. तंटा एकवीस वर्षे चालला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, किल्ली घेतली म्हणजे वस्तूचा ताबा घेतला. आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी छापील वाक्याने झटकता येत नाही. आणि मोटार परत करता आली नाही, तर आपला दोष नव्हता हे सिद्ध करण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर आहे.

ह्या शेवटच्या वाक्यात दुसऱ्या कारणाचे मर्म आहे. चोरीस गेलेली मोटार स्वतःच पुरावा असते. ती नाही, एवढे दाखविले की पुरे. वापरून परत ठेवलेली मोटार मात्र मुकी असते. घोड्याच्या अंगावरचा फेस आणि खुरांवरचा चिखल धन्यास निदान काही सांगे. मोटार धुतली की तेही पुसले जाते. आपल्या पूर्वजांनी पेटीवर मुद्रा लावली, कपड्यावर बिबा घातला, परिटाच्या वस्त्रावर मोगरीची खूण सांगितली, ती ह्याचसाठी. दंड तीन पण की बारा पण हा भाग पुढचा. त्याआधी वस्तूने बोलावे कसे, ह्याची त्यांस चिंता होती. आजच्या मोटारीत तशी मुद्रा कारखान्यातूनच लागून येते. तो मैलांचा किंवा किलोमीटरांचा आकडा होय. किल्ली देताना त्याचे, पेट्रोलच्या काट्याचे आणि मोटारीच्या चारी अंगांचे छायाचित्र घ्यावे, आणि आकडा पावतीवर लिहवून घ्यावा. त्याला अविश्वासाचे लक्षण मानू नये. पेटीस मुद्रा लावणाऱ्या सावकारासही आपल्या स्नेह्याचा अपमान करावयाचा नसे. उलट उद्या दोघांत वितुष्ट येऊ नये म्हणून तो ती लावीत असे.

आणखी एक गोष्ट सांगून मी हे भाषण पुरे करतो. अशा प्रकरणात आपला राग त्या किल्ली घेणाऱ्या तरुणावर निघतो. तो दोषी असेल तर त्याचे समर्थन नको. परंतु शंभर मोटारींची जागा असता दोनशे मोटारी स्वीकारणारा, आणि उरलेल्या कोठेतरी लावून ये असे त्या तरुणास सांगणारा, कोणीतरी दुसराच असतो, आणि तो विमानतळाच्या दाराशी उभा नसतो. इंग्लंडात 1965 साली धुवावयास दिलेले एक लोकरीचे उंची वस्त्र, मिंक ह्या प्राण्याच्या कातड्याचे, धुलाईच्या कारखान्यातील नोकरानेच लांबविले. कारखान्याने नोकराकडे बोट दाखविले. न्यायालयाने ते मानले नाही. ज्याने विश्वासाने वस्तू ताब्यात घेतली आणि ती सांभाळण्यास ज्या माणसाच्या हाती दिली, त्या माणसाच्या कृत्याचा जाब त्यानेच दिला पाहिजे, असे न्यायाधीशांनी सांगितले. पुन्हा एकदा परिटाचीच गोष्ट. पण ह्या वेळी घाटावरच्या माणसापुढे न थांबता न्याय त्याच्या धन्यापर्यंत पोहोचला.

श्रोतेहो, मोठ्या शहरात आपण रोज आपल्या वस्तू परक्यांच्या हाती देतो. घड्याळ दुरुस्तीस देतो, दागिना सोनाराकडे देतो, कपडे इस्त्रीस देतो, घराची किल्ली शेजारी ठेवतो. हे हात आपल्या वस्तूपलीकडे जाणार नाहीत अशा भरवशावर नगरातील जीवन चालते. विमानतळावरील मोटार परत आली, तिच्यात तीस मैल अधिक निघाले, तर त्या तीस मैलांची किंमत थोडी असेल. परंतु पुढच्या वेळी तोच गृहस्थ किल्ली देताना कचरेल. आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या प्रामाणिक हस्तकाकडेही संशयाने पाहील. कौटिल्याने भोगवेतनावर थांबता आणखी बारा पण दंड का सांगितला, ह्याचे उत्तर मला तरी येथेच सापडते. भोगवेतन त्या मालकासाठी होते. दंड त्या हस्तकाच्या पुढे किल्ली घेऊन उभ्या राहणाऱ्या साऱ्या लोकांसाठी होता.